थर्मोस्टॅट काढू नका, बदला

इमामपूर घाट चढून नगरकडे येताना जुन्या मारुती ८०० चा काटा वर सरकू लागला, की बरेच मिस्त्री एकच उपाय सांगतात: थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या उन्हात तो हवाच कशाला? मला हा सल्ला मुळीच पटत नाही. नवा थर्मोस्टॅट काही शेकड्यांत मिळतो आणि तो घरच्या अंगणात बदलता येतो.

आधी दोष तिथेच आहे ना, हे पाहावं. पाणी पुरेसं आहे, पंखा फिरतोय, बेल्ट घट्ट आहे, काटा मात्र वर आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाईप जेमतेम कोमट. म्हणजे थर्मोस्टॅट मिटलेलाच अडकलाय.

इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं. नगर साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरमधलं पाणी मात्र दाबाखाली असल्याने शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. तापलेलं झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि वाफ सरळ तोंडावर येते.

खालून कुलंट बादलीत काढून बादली झाकून ठेवावी. ते गोडसर आणि विषारी असतं; कुत्रं किंवा वासरू तोंड घालतं. मग क्लिप ढिली करून पाईप ओढायचा, वरची टोपी काढायची, की थर्मोस्टॅट हाती येतो. त्याच्या पोटातल्या डबीत मेण असतं. ते वितळलं की फुगतं, दांडीला रेटतं आणि झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग झडप मिटवते. किती अंशांना उघडायचं ते अंगावरच कोरलेलं असतं.

नवा बसवण्याआधी मी तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगतो, शेजारी थर्मामीटर. ८० अंशांपर्यंत काहीच हलत नाही. मग कडेला केसभर फट पडते आणि बघता बघता बोटाचं टोक शिरेल एवढं तोंड उघडतं. जुना त्याच पाण्यात खळखळ उकळी फुटली तरी मिटलेलाच. ही परीक्षा मी कधी चुकवत नाही. नवा भागही खराब निघू शकतो.

खरं कसब जुनं पॅकिंग खरवडण्यात आहे. टोपी अ‍ॅल्युमिनियमची, ब्लेडचा ओरखडा उठला की तिथूनच गळती. स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, हवा सोडणारी पिन वर, बोल्ट आळीपाळीने आणि बेताने आवळायचे. कुलंट भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत.

थर्मोस्टॅटविना गाडी चालते, हे खरं. पण डिसेंबरच्या पहाटे इंजिन लवकर तापतच नाही, कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक ओढून ठेवावा लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधलं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा झिजतात. काही शेकडे वाचवायला जावं आणि इंजिन खोलायची वेळ यावी.

८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. त्यामुळे दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा आणि त्यावरचा आकडा जुळवूनच नवा घ्यावा.