शेळीच्या पोटांतील चोर

हिमाँकस हा शेळीच्या चवथ्या जठरांत राहून रक्त पिणारा जंत. कर्जत-खालापूरचा दमट पावसाळा त्याला मानवणाराच. शरीराच्या रक्षक पेशी त्याला सहज हांकलीत कां नाहींत? पेशींवर शर्करेच्या बारीक सांखळ्या असतात. जंताचें ‘गॅलेक्टिन’ हें प्रथिन त्या धरून श्वेतपेशींचा जोर मोडतें, असें प्रयोगशाळेंत दिसलें आहे. शर्करा धरणारीं प्रथिनें आमच्या कच्च्या वालांतहि असतात. पण वाल शिजवितां येतात, जंत नव्हे! औषधांनाहि तो सरावत चालला आहे. ऑस्ट्रेलियांत २०१४ सालीं मेंढ्यांसाठीं त्याच्याच आंतड्यांतील प्रथिनांची लस निघाली. येथील धन्यानें शेळीची खालची पापणी उलटून पाहावी. आंतून पांढुरकी दिसल्यास पशुवैद्यास त्वरित दाखवावें.