रस्त्यावरचे शब्द, कायद्यातले अर्थ

चौकात हवालदार दुचाकी थांबवतात. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे, पण हनुवटीखालचा पट्टा मोकळा लोंबतो आहे. ‘‘हेल्मेट घातलंय की, साहेब,’’ तो म्हणतो. आपले काही चुकले आहे असे त्याला खरोखरच वाटत नाही. रोजच्या मराठीप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबर आहे. कायद्याच्या भाषेत मात्र त्याने हेल्मेट घातलेलेच नाही.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ खाली हेल्मेटचे स्पष्टीकरण दिले आहे. त्यात दोन अटी आहेत. पहिली अशी, की आकार, साहित्य आणि बांधणी पाहता अपघातात डोक्याला संरक्षण मिळेल अशी वाजवी अपेक्षा त्याच्याकडून ठेवता आली पाहिजे. दुसरी अशी, की ते पट्ट्याने किंवा तशाच बंधनाने डोक्यावर घट्ट बांधलेले असले पाहिजे. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या झाल्या तरच ते कायद्याचे हेल्मेट. दुसऱ्या अटीमागे साधा अनुभव आहे. गाडी आदळली की सैल हेल्मेट आधी उडून जाते आणि डोके नंतर रस्त्यावर आपटते. पट्टा बांधणे हा हेल्मेट घालण्याचाच भाग आहे, हे कायद्याने व्याख्येतच लिहून ठेवले आहे.

वाहतुकीच्या नियमांवरून होणारे पुष्कळ वाद असेच असतात. नियम दोघांनाही ठाऊक असतो, पण त्यातल्या शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असतो. म्हणून नियम पाठ करण्याआधी त्यातले शब्द समजून घेतलेले बरे.

व्याख्या कुठे सापडतात?

आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २०१९ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्याचे कलम २ संपूर्ण व्याख्यांचे आहे. काही व्याख्या मात्र ज्या त्या कलमाखालीच ‘स्पष्टीकरण’ म्हणून येतात, जशी हेल्मेटची. या अधिनियमाखाली केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आणि महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ येतात. वाहन कसे चालवावे यासाठी २०१७ ची स्वतंत्र विनियमावली आहे.

सगळ्यांत खाली असतात आपल्या शहरातल्या अधिसूचना. अमुक रस्ता एकेरी, तमुक पुलावर अवजड वाहनांना बंदी, या गल्लीत सम-विषम तारखांना पार्किंग. त्या दोन-चार ओळींच्या असतात. ‘अवजड वाहन’ म्हणजे काय हे त्यात बहुधा पुन्हा सांगितलेले नसते. अर्थ वरच्या कायद्यातून घ्यायचा असतो, म्हणून गल्लीतली पाटी नीट समजायची तरी कलम २ उघडावे लागते.

व्याख्या वाचायची कशी?

कायद्याच्या व्याख्येत तीन शब्दांवर बोट ठेवून वाचावे: ‘म्हणजे’, ‘यात समावेश होतो’ आणि ‘यात समावेश होत नाही’. ‘म्हणजे’ने गाभा ठरतो. ‘समावेश होतो’ने एरवी बाहेर राहिले असते ते आत घेतले जाते. ‘समावेश होत नाही’ने आत आलेले बाहेर काढले जाते. शिवाय कलम २ च्या सुरुवातीलाच एक इशारा आहे: संदर्भामुळे वेगळा अर्थ घ्यावा लागत नसेल, तरच हे अर्थ.

‘मोटार वाहन’ ही व्याख्या या पद्धतीने वाचून पाहू. मोटार वाहन म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगे, यंत्रशक्तीने चालणारे वाहन. ती शक्ती आतून येवो वा बाहेरून. त्यात बॉडी न बसवलेल्या नुसत्या चासीचा आणि ट्रेलरचा समावेश होतो. रुळांवर धावणारे वाहन त्यात येत नाही. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन येत नाही. चारपेक्षा कमी चाकांचे, २५ घनसेंटीमीटरपर्यंत क्षमतेच्या इंजिनाचे वाहनही येत नाही.

आता ऊसतोडणीच्या हंगामातला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. कायद्यातला ट्रॅक्टर स्वतः माल वाहण्यासाठी बांधलेला नसतो. माल असतो मागच्या ट्रॉलीत. ट्रॉलीला इंजिन नाही, पण ‘समावेश होतो’ या दोन शब्दांमुळे तीही मोटार वाहनच ठरते. ट्रॅक्टरची कागदपत्रे चोख असली म्हणून ट्रॉलीची नोंदणी नको, असे म्हणता येत नाही.

विजेवरच्या हलक्या दुचाकीचा प्रश्न याच व्याख्येच्या कडेवर उभा आहे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, या मुख्य अटी आणि सोबतची वजनाची मर्यादा पाळणाऱ्या दुचाकीला केंद्रीय नियम मोटार वाहन मानत नाहीत. म्हणून तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन लागत नाही. पण दुकानात तिचा वेग वाढवून घेतला, की त्याच क्षणी ती सवलतीतून बाहेर पडते. मग ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन होते. घरातल्या शाळकरी मुलाच्या हाती अशी गाडी देणाऱ्या पालकांनी कलम १९९अ जरूर वाचावे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड.

रिकामा ट्रकही अवजडच

‘अवजड वाहनांना प्रवेश बंद’ अशी पाटी पाहून चालक म्हणतो, ‘‘गाडी रिकामी आहे, वजन कुठं आहे?’’ इथे दोन वजने वेगळी करायला हवीत. भाररहित वजन म्हणजे नेहमीच्या साधनसामग्रीसह गाडीचे वजन, चालक आणि मदतनीस सोडून. एकूण वजन म्हणजे गाडी आणि तिच्यावर चढवता येणारा माल मिळून नोंदणी प्राधिकाऱ्याने मान्य केलेले वजन. ते कागदावर एकदा ठरते. आज गाडीत काय भरले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन १२,००० किलोपेक्षा जास्त, ते अवजड मालवाहू वाहन. ती रिकामी धावत असली तरी अवजडच.

हलक्या वाहनाची सीमा ७,५०० किलो आहे. मालवाहू किंवा प्रवासी गाडी असेल तर एकूण वजन पाहायचे, घरची मोटारकार किंवा ट्रॅक्टर असेल तर भाररहित वजन. या एका व्याख्येवरून विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यात वर्षानुवर्षे खटले चालले. हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याने छोटा टेम्पो चालवला आणि अपघात झाला, तर विमा लागू होतो का? ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उत्तर दिले: ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे वाहतूक वाहन चालवायला हलक्या वाहनाचे लायसन पुरते, त्यावर वेगळी नोंद लागत नाही. हजारो टेम्पो-टॅक्सीचालकांची रोजीरोटी या व्याख्येवर अवलंबून होती.

गाडी विकली, पण मालक कोण?

व्यवहारात पैसे मिळाले आणि चावी दिली की गाडी विकली गेली. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे ती व्यक्ती. ती अल्पवयीन असेल तर पालक, आणि गाडी कर्जाच्या तारणात किंवा भाडेपट्ट्यावर असेल तर जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे अशी अनेक हातांतून गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच माणसाचे राहिले होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर, म्हणजे त्या पहिल्या माणसावर ठेवली. पीडिताला एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे लागू नये, हा त्यामागचा विचार.

म्हणून कलम ५० विक्रेत्यावरही जबाबदारी टाकते. गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विकल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचे. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे. कॅमेऱ्याने पकडलेले ई-चलनही नोंदणीकृत मालकाच्याच नावे येते, हे जुनी गाडी विकलेल्या अनेकांना फार उशिरा समजते.

सोसायटीचे आवार ही सार्वजनिक जागा?

विमा, हेल्मेट, थांबलेली गाडी यांविषयीच्या अनेक कलमांत ‘सार्वजनिक जागी’ असे शब्द आहेत. सार्वजनिक म्हणजे सरकारी मालकीची जागा, असा आपला समज असतो. व्याख्येत मालकीचा उल्लेखच नाही. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा इतर जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो, ती सार्वजनिक. एसटीसारख्या गाड्या जिथे प्रवासी घेतात-उतरवतात ते थांबेही त्यात आले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये, जुन्या १९३९ च्या कायद्यातील याच शब्दांचा अर्थ लावताना, खासगी मालकीच्या जागेवरही लोकांना प्रवेश असेल तर ती सार्वजनिक जागा ठरू शकते, असा व्यापक अर्थ घेतला. उलट बाजूने २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या कुंपणबंद आवारात, जिथे सामान्य लोकांना प्रवेशच नव्हता, फक्त तिथेच वापरलेल्या वाहनांवर रस्ताकर लावता येत नाही असे ठरवले. मालक कोण हा प्रश्न दुय्यम. सोसायटीच्या आवाराबाबतही आत कोण जाऊ शकते, हे आधी पाहायचे.

चालवणे, थांबणे, उलटे येणे

रस्त्यात बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढत नेताना मागच्या गाडीचे स्टिअरिंग धरून बसलेला माणूस चालक असतो का? कायदा म्हणतो, हो. ओढल्या जाणाऱ्या वाहनाचे सुकाणू धरणाराही ‘चालक’ या व्याख्येत येतो. म्हणून तिथे लायसन नसलेल्या कोणालाही बसवू नये.

दारूच्या बाबतीत ‘मी शुद्धीत होतो’ हे उत्तर चालत नाही, कारण कलम १८५ मध्ये आकडा आहे: १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. शिवाय ते कलम चालवणाऱ्यालाच नव्हे, चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाही लागू होते.

राँग साईडने ‘एवढंसंच तर यायचं होतं’ म्हणणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याचा अर्थ उलगडून सांगितला. लाल दिवा तोडणे, हातात मोबाइल धरणे, वाहतुकीच्या ठरलेल्या प्रवाहाविरुद्ध येणे, या गोष्टी त्यात नावाने आल्या आहेत. अंतर किती, याची सूट नाही. तसेच रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे ही नुसती रंगरंगोटी नव्हे. ‘वाहतूक चिन्हे’ या व्याख्येत दिवे आणि पाट्यांबरोबर रस्त्यावरच्या खुणाही येतात.

गाडी उचलून नेण्याबाबत कलम १२७ आहे. जिथे पार्किंगला बंदी आहे तिथे उभी गाडी, किंवा सार्वजनिक जागी १० तास वा अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी हलवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे.

एसटी आणि खासगी बस यांतला भेदही व्याख्येचाच. प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेत टप्प्याटप्प्याने प्रवासी नेते ती टप्पा वाहतूक. अख्खी गाडी कराराने ठरवून, वाटेत कराराबाहेरचे प्रवासी न घेता जाते ते कंत्राटी वाहन. कंत्राटी परवान्याची बस वाटेत हात दाखवेल त्याला घेऊ लागली, की ती परवान्याच्या अटी मोडते.

जीव वाचवणारे दोन शब्द

व्याख्या केवळ दंडासाठी नसतात. २०१९ मध्ये ‘गोल्डन अवर’ हा शब्द कायद्यात आला. गंभीर दुखापतीनंतरचा असा एक तास, ज्यात तातडीच्या उपचारांनी मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही लागू झाली आहे.

त्याच्या जोडीला कलम १३४अ मधला ‘गुड समॅरिटन’. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, स्वतःहून, सद्भावनेने जखमीला जागेवर मदत करणारी किंवा दवाखान्यात पोचवणारी व्यक्ती, असा त्याचा अर्थ. अशा माणसाला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू या भीतीने जखमीच्या बाजूने निघून जाणाऱ्या प्रत्येकाला ही व्याख्या माहीत असायला हवी.

वाचकांना विनंती एवढीच. आज संध्याकाळी गाडीची आरसी काढा. नाव कोणाचे आहे, भाररहित वजन किती आहे, आसनक्षमता किती आहे ते पाहा. लायसनवर कोणत्या प्रकारच्या वाहनाची नोंद आहे ते पाहा. उद्या दुचाकी काढाल तेव्हा हेल्मेटचा पट्टा बांधा. आणि रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर थांबा. कायदा तुमच्या बाजूने आहे.