गिरणीचा नवा मालक

एका मोहल्ल्यात पिठाची गिरणी होती. सकाळ झाली की गिरणीचा पट्टा फिरू लागे. कुणी गहू घेऊन येई, कुणी ज्वारी, कुणी बाजरी. धान्य कोणत्या दुकानातून आणले, हे गिरणीवाला कधी विचारत नसे. डबा तोलायचा, दळण दळायचे आणि पैसे घ्यायचे, एवढेच त्याचे काम. पीठ छान बारीक येई, म्हणून लांबलांबचे लोकही तिथेच येत.

एके दिवशी गिरणीवाल्याने गिरणी विकली. ती घेतली कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानदाराने. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, ‘ज्यांनी आमच्या दुकानातून धान्य घेतले असेल, त्यांनाच दळून मिळेल.’ पाटी वाचून कितीतरी बायका भरलेले डबे घेऊन परत फिरल्या. गिरणी तीच होती, दळणारा माणूसही तोच होता; पण निम्म्या मोहल्ल्याला तिचे दार बंद झाले.

मुलांनो, ही गोष्ट कल्पनेतली आहे. पण संगणक आणि मोबाइलच्या जगात अशा गोष्टी खरोखर घडल्या आहेत.

त्या समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. प्रत्येक मोबाइलमध्ये त्याचे सारे काम चालवणारी एक प्रणाली असते. आयफोनमध्ये अ‍ॅपल कंपनीची आयओएस ही प्रणाली असते. इतर बहुतेक फोनमध्ये गूगल कंपनीची अँड्रॉइड ही प्रणाली असते. एका प्रणालीसाठी बनवलेले अ‍ॅप दुसरीवर जसेच्या तसे चालत नाही. दोन्हीकडे चालवायचे असेल तर ते दोन्हींसाठी वेगवेगळे तयार करावे लागते आणि त्याची देखभालही दोन्हीकडे करावी लागते. आता खरी गोष्ट ऐका.

अमेरिकेत अ‍ॅडम ग्रॉसमन आणि जॅक टर्नर या दोन तरुणांनी ‘डार्क स्काय’ नावाचे अ‍ॅप तयार केले. त्यासाठी २०११ साली त्यांनी इंटरनेटवरून सामान्य लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा केले. २०१२ साली ते आयफोनवर आले. हे अ‍ॅप पावसाचा अंदाज सांगत असे. ‘उद्या पाऊस पडण्याची शक्यता आहे’ असे तर सगळेच सांगतात. डार्क स्काय मात्र तुम्ही उभे आहात त्या जागी आणखी किती मिनिटांनी पाऊस सुरू होईल आणि तो किती वेळ टिकेल, हे सांगत असे.

हे कसे शक्य झाले? अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याची रडार यंत्रे आहेत. रडारमधून निघालेल्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. त्यावरून पाऊस कुठे पडतो आहे याचे चित्र तयार होते. अशी चित्रे एकापुढे एक ठेवली की पाऊस कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे ते कळते. मग पुढच्या तासाभरात तो कुठे पोहोचेल, याचे गणित संगणक मांडतो. शेतावर काम करणारे, सायकलवरून कामाला जाणारे, उघड्यावर दुकान मांडणारे अशा सर्वांनाच या माहितीचा उपयोग होता. २०१६ साली हे अ‍ॅप अँड्रॉइडवरही आले.

३१ मार्च २०२० रोजी अ‍ॅपलने डार्क स्काय विकत घेतले. त्यानंतर अँड्रॉइडवर नव्याने ते घेता येईना. ज्यांच्याकडे ते आधीपासून होते, त्यांना १ जुलैपर्यंतची मुदत दिली गेली. पुढे ही मुदत एक महिन्याने वाढवण्यात आली आणि १ ऑगस्ट २०२० रोजी अँड्रॉइडवरचे डार्क स्काय बंद झाले. ज्यांची वर्गणी चालू होती, त्यांना पैसे परत मिळाले. पण रोजच्या उपयोगाची वस्तू गेली, ती काही परत मिळाली नाही. ढग सर्वांच्या डोक्यावर सारखाच होता, पण डार्क स्कायची सूचना आता फक्त आयफोनवाल्यांनाच मिळू लागली.

डार्क स्कायची माहिती घेऊन इतर अनेकांनी आपापली छोटी अ‍ॅप बनवली होती. त्यांनाही नवा मार्ग शोधावा लागला, कारण ३१ मार्च २०२३ नंतर ही माहिती मिळणे बंद झाले. खुद्द आयफोनवरचे डार्क स्कायही २०२२ च्या अखेरीस बंद करण्यात आले. त्यातील सोयी अ‍ॅपलने आपल्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये घेतल्या.

असे पहिल्यांदाच घडले असे नाही. जर्मनीतील ‘इमॅजिक’ ही कंपनी ‘लॉजिक’ नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार करीत असे. संगीतकार त्याच्या मदतीने गाणी बांधत आणि ध्वनिमुद्रण करीत. लॉजिक अ‍ॅपलच्या संगणकावर चाले आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या प्रणालीवरही चाले. जुलै २००२ मध्ये अ‍ॅपलने इमॅजिक विकत घेतली. ३० सप्टेंबर २००२ रोजी विंडोजसाठीचे लॉजिक विकणे बंद झाले. इमॅजिकचे पासष्ट टक्क्यांहून अधिक उत्पन्न अ‍ॅपलच्या संगणकांवरील विक्रीतून येते, असे त्या वेळी अ‍ॅपलने सांगितले होते. म्हणजे उरलेला हिस्साही काही लहान नव्हता. विंडोजवाल्या संगीतकारांकडचा जुना कार्यक्रम एका रात्रीत थांबला नाही; पण त्यात पुढे सुधारणा होणार नव्हती. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : नवा महाग संगणक घ्यायचा, नाहीतर दुसरा कार्यक्रम पहिल्यापासून शिकायचा.

कंपन्या असे का करतात? आपल्या गिरणीकडे पुन्हा पाहू. दळणाचे पैसे थोडे मिळतात. धान्याच्या विक्रीत फायदा जास्त असतो. गिरणीसाठी लोक धान्याच्या दुकानात येतील, असा नव्या मालकाचा हिशेब होता. फोन आणि संगणक विकणाऱ्या कंपनीचाही हिशेब असाच असतो. चांगले अ‍ॅप फक्त आपल्याच फोनवर मिळाले तर लोक आपला फोन घेतील, असे तिला वाटते. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या फोनसाठी आपल्या माणसांचा वेळ का घालवावा, असाही विचार असतो.

पण प्रत्येक नवा मालक दार बंद करतोच असे नाही. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले. ते आजही आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ बनवणारी स्वीडनमधील कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. तरीही सोनी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्लेस्टेशन यंत्रावर हा खेळ चालूच राहिला. जिथे जास्त माणसे येण्यातच फायदा असतो, तिथे मालक दार उघडे ठेवतो. म्हणजे दार उघडे राहील की बंद होईल, हे बहुतेक वेळा मालकाच्या चांगुलपणावर नव्हे, तर त्याच्या फायद्यावर ठरते.

मग यात चूक कोणाची? विकणाऱ्याला आपली वस्तू विकण्याचा हक्क आहे. रात्रंदिवस कष्ट करून काही निर्माण करणाऱ्याला त्याचे मोल मिळायलाच हवे. घेणाऱ्यालाही आपल्या वस्तूचे काय करायचे ते ठरवण्याचा हक्क आहे. पण ज्या लोकांनी ती वस्तू वापरली, तिच्यावर भरवसा ठेवला आणि इतरांना सांगून ती मोठी केली, त्यांना मात्र व्यवहाराच्या वेळी कोणी विचारत नाही. नुकसान होते ते त्यांचे.

यासाठीच अनेक देशांत कायदे आहेत. मोठी कंपनी दुसरी कंपनी विकत घेऊ लागली की त्यामुळे बाजारातील स्पर्धा संपेल का, हे सरकारी संस्था तपासतात. जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड’ ही खेळ बनवणारी कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. तिचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा प्रसिद्ध खेळ प्लेस्टेशनवरून काढून टाकला तर काय होईल, असा प्रश्न अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील अधिकाऱ्यांनी उपस्थित केला. दीड वर्ष तपासणी आणि वाद चालले. अखेर जुलै २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा खेळ प्लेस्टेशनवर ठेवण्याचा दहा वर्षांचा करार सोनीशी केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

आपल्या देशातही २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि नवी दिल्ली येथे भारतीय स्पर्धा आयोग आहे. पूर्वी आयोगाकडे जावे लागेल की नाही, हे कंपनीची मालमत्ता आणि उलाढाल पाहून ठरे. त्यामुळे वापरणारे पुष्कळ पण उत्पन्न थोडे, अशा अ‍ॅपचा व्यवहार तपासणीतून सुटू शके. १० सप्टेंबर २०२४ पासून नवा नियम लागू झाला. विकल्या जाणाऱ्या कंपनीचे भारतात मोठे काम असेल आणि व्यवहार दोन हजार कोटी रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल, तर आयोगाची परवानगी आधी घ्यावी लागते.

कायदा मोठे व्यवहार पाहतो. लहान व्यवहारांत आपणच सावध राहायला हवे. एखादे अ‍ॅप कितीही आवडले तरी त्याचे मालक आपण नसतो. म्हणून आपले लिखाण, छायाचित्रे आणि हिशेब यांची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. ती दुसऱ्या अ‍ॅपमध्येही उघडते ना, हे पाहून घ्यावे. ज्या कामासाठी आपण अ‍ॅपवर अवलंबून आहोत, ते काम करण्याचा दुसरा एखादा मार्गही माहीत असावा.

गिरणीवरून परत फिरलेल्या बायकांकडे धान्य होते आणि डबेही होते. नव्हती ती फक्त दुसरी गिरणी. मोहल्ल्यात दुसरी गिरणी असती, तर दुकानदाराने ती पाटी लावण्यापूर्वी दहादा विचार केला असता.

स्वाध्याय

१. गिरणीच्या दारावरची पाटी वाचून बायका का परत फिरल्या?
२. डार्क स्काय पावसाचा अंदाज कसा सांगत असे?
३. व्हॉट्सॲप दोन्ही प्रणालींवर का चालू राहिले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. मालक, हक्क, फायदा, नुकसान, करार, कायदा हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.