आधी रायफलीला गवसणी

कोणी पदक जिंकलं की मराठी वर्तमानपत्रांना एक शब्द हमखास आठवतो. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात ४५१.४ गुणांसह तिसरा नंबर काढला, आणि त्याने कांस्यपदकाला ‘गवसणी’ घातली. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गवसणी घालावी असंच ते होतं.

पण गवसणी म्हणजे काय? आपण साहित्याची मुलं, शब्द दिसला की खाजवून बघायची सवय. गवसणी म्हणजे खोळ. तंबोऱ्याला घालतात ती, वीणेला घालतात ती, शस्त्राला घालतात ती. आकाशाला गवसणी घालायची तर आकाशाएवढं कापड लागेल, म्हणून तो वाक्प्रचार झाला. मला मात्र या लेखात शब्दाच्या मूळ अर्थाकडेच जायचं आहे. रायफलीची गवसणी, म्हणजे नेमबाज खांद्याला लावून फिरतात ती लांबडी बॅग किंवा पेटी. ती कशी निवडायची? हा प्रश्न मला पडायचं काही कारण नव्हतं. मी नेमबाज नाही. पण माझी मामेबहीण आहे, आणि तिच्या एका स्वस्त बॅगेची गोष्ट असीरगडाच्या पायथ्याशी सुरू झाली.

केळीच्या घडांशेजारी

भोपाळला एक खुली स्पर्धा होती. प्रकार १० मीटर एअर रायफल. सोबत म्हणून घरच्यांनी मला पाठवलं. आमची एक मावशी बऱ्हाणपूरला शिक्षिका आहे, म्हणून आम्ही कल्याणहून गाडी पकडली आणि दोन दिवस आधीच भुसावळच्या पुढे बऱ्हाणपूरला उतरलो. गावात मराठी सर्रास ऐकू येत होतं, त्यामुळे राज्य बदललंय हे पाट्या वाचूनच कळलं.

मावशी म्हणाली, खंडव्याला बसनेच जा, वाटेत असीरगड बघून होईल. बऱ्हाणपूरपासून साधारण वीस किलोमीटर. बस खच्चून भरलेली. कंडक्टरने बहिणीच्या खांद्यावरची लांब बॅग बघितली आणि म्हणाला, ‘ये अंदर नहीं आएगी.’ बॅग टपावर गेली, केळीच्या घडांशेजारी. आत रायफल आहे हे भर बसमध्ये सांगायची आमची हिंमत झाली नाही. (एअर रायफल होती, पण ‘रायफल’ म्हटल्यावर ‘एअर’ कोण ऐकतं?)

गड बघितला. मावशी सोबत आली होती, ती खाली चहाच्या टपरीवर बॅग घेऊन बसली. पुन्हा दुसरी बस, पुन्हा टप, खंडवा, मग रेल्वे, मग भोपाळ.

स्पर्धेत सुरुवातीला तयारी आणि सरावाच्या गोळ्यांसाठी पंधरा मिनिटं असतात. बहिणीची पहिली गोळी उजवीकडे गेली. तिने साईट फिरवली. दुसरी खाली. पुन्हा फिरवली. तिसरी पुन्हा उजवीकडे. गोळ्या नुसत्या बाजूला जात असत्या तर दुरुस्ती सोपी होती, पण त्या भटकत होत्या. शेवटी कळलं की मागच्या साईटला धरून ठेवणारा स्क्रूच सैल झाला होता. शेजारच्या एका प्रशिक्षकाने अ‍ॅलन की दिली. स्क्रू आवळून होईपर्यंत चार मिनिटं उरली. मग ६० गोळ्या तिने मारल्या, पण पात्रतेला चार गुण कमी पडले. परतीच्या गाडीत ती भुसावळपर्यंत एक शब्द बोलली नाही. बॅग मात्र या वेळी मांडीवर होती.

कागदाच्या जाडीचा हिशोब

एवढ्याशा स्क्रूने इतकं काय होतं? मी नंतर बसून हिशोब केला. मराठीच्या विद्यार्थिनीला जमेल इतपत त्रैराशिक आहे, घाबरू नका.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पुढे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकतं. रायफलीवर पुढची आणि मागची साईट यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरू. मागची साईट ०.१ मिलिमीटर सरकली, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढी, तर १० मीटरवर गोळी साधारण सव्वा मिलिमीटर सरकते. म्हणजे अर्धा गुण. ६० गोळ्यांवर हिशोब लावला तर तीस गुण. ५० मीटरवर तोच एक कागद सहा मिलिमीटरपेक्षा जास्त होतो.

म्हणून रायफलीची पेटी ओरखडे पडू नयेत म्हणून नसते. ओरखड्याने गुण जात नाहीत. आदल्या दिवशी सरावात जिथे सगळं बसवलं होतं ते दुसऱ्या दिवशी तिथेच सापडावं, यासाठी पेटी असते. आमच्या चर्चच्या गायकवृंदातले व्हायोलिनवाले काका पेटी उघडली की आधी सूर तपासतात. पेटी चांगली असेल तर सूर थोडाच उतरलेला असतो. तेच इथे.

आणि हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राच्या अंतिम फेरीआधीच्या सरावाच्या गोळ्या एकदम भलतीकडे गेल्या होत्या. रायफलीची साईट हललेली होती. त्याने ती तिथल्या तिथे जुळवली आणि भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलं. ‘अ शॉट अ‍ॅट हिस्टरी’ या आत्मचरित्रात हे सगळं आलं आहे. त्याला जमलं. सगळ्यांना जमत नाही.

तीन तट

असीरगड चढताना गाईडने सांगितलं होतं की हा एक किल्ला नाही, तीन आहेत. खाली मलयगड, मध्ये कमरगड, वर असीरगड. खालचा तट पडला तरी वरचा शाबूत. म्हणून तर ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणवणारा हा गड अकबरालाही १६०१ मध्ये लांबलचक वेढ्यानंतरच मिळाला. चांगली पेटीही अशीच तीन तटांची असते.

पहिला तट बाहेरचं कवच. इथे दोन पर्याय. मऊ बॅग हलकी असते, पाठीला लावता येते, स्कूटरवर आणि लोकलमध्ये सांभाळता येते. पण तिच्यावर काही पडलं किंवा कोणी बसलं तर मार थेट रायफलीला. कडक पेटी प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. ती मार खाते, पण स्वतःच चार-पाच किलोची असू शकते. नियमानुसार एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असते. म्हणजे दहा किलो इथेच झाले. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान नेता येतं. नेमबाजीचं जाकीट, जाड पँट आणि बूट अजून बाहेरच आहेत.

दुसरा तट फोम. नुसता जाड फोम पुरत नाही, तो दाबल्यावर पुन्हा उभा राहायला हवा. दुकानात अंगठ्याने दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर बॅग ठेवून द्या. रायफलीच्या आकाराचा खाच कापलेला फोम सगळ्यात चांगला, कारण त्यात रायफल हलत नाही. आणि धक्क्यापेक्षा सतत हलणं वाईट. टपावरच्या दोन बसप्रवासांनी आमचा स्क्रू असाच सैल केला होता.

तिसरा तट आतलं कापड आणि पट्टे. दोन-तीन ठिकाणी वेल्क्रोचे पट्टे हवेत. साईटसाठी वेगळा खण हवा. बरेच नेमबाज प्रवासात मागची साईट काढून छोट्या डबीत ठेवतात. तिची जागा पट्टीवरच्या खुणेवरून लिहून ठेवतात किंवा फोनवर फोटो काढतात. गालाच्या टेकूची आणि खांद्याच्या हुकाची जागाही तशीच टिपून ठेवायची. हा खर्च शून्य रुपयांचा आहे आणि महागड्या पेटीइतकाच उपयोगी आहे.

माप घ्या, रस्ता आठवा

दुकानात जाण्याआधी दोन कामं करायची.

एक, माप. खांद्याचा हुक जितका बाहेर काढून वापरता तितका बाहेर ठेवून रायफलीची पूर्ण लांबी मोजा आणि त्यात चार-पाच सेंटिमीटर मिळवा. हुक काढून ठेवणार असाल तर तसं मोजा. उंचीचंही माप घ्या. साईट लावलेली असेल तर रायफल उंच होते, आणि झाकण जोर लावून बंद करावं लागलं तर तो जोर साईटवरच येतो.

दोन, रस्ता. माझ्या मते खरा निर्णय इथे होतो. घरापासून रेंजपर्यंत तुम्ही कसे जाता? रोज लोकलने जात असाल तर पाठीला लावायची मऊ बॅग घ्या, पण चांगल्या फोमची. महिन्यातून एकदा बाहेरगावी जात असाल तर एक कडक पेटी घ्या. क्लबमधल्या दोघा-तिघांनी मिळून घेतली तरी चालेल. रेल्वेत खालच्या बर्थखाली आडवी बसेल का ते बघा, कारण साखळीने बांधून झोपायची जागा तीच. एसटीत किंवा खाजगी बसमध्ये टपावर चढवायचा प्रसंग आला तर पेटी कडकच हवी. आणि शक्यतो तो प्रसंग येऊच देऊ नका. एक सीट जास्तीची काढा. चार गुणांपेक्षा ती स्वस्त पडते.

रंग? काळा किंवा करडा. लष्करी हिरव्या ठिपक्यांची बॅग दिसायला भारी असते, पण प्लॅटफॉर्मवर तीच बॅग पोलिसांना आधी दिसते. कीबोर्डची वाटेल अशी बॅग सगळ्यात बरी.

कुलूप, कागद आणि हवा

आपल्याकडे .१७७ बोअरची, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. .२२ ला परवाना लागतो. पण परवाना लागो न लागो, पेटीला कुलूप हवंच, आणि खरेदीची पावती, असोसिएशनचं ओळखपत्र, स्पर्धेचं पत्र यांच्या प्रती पेटीच्या बाहेरच्या कप्प्यात हव्यात. कोणी विचारलं तर पेटी न उघडता उत्तर देता आलं पाहिजे.

रायफल पेटीत जाताना रिकामी, आणि नळीत सेफ्टी फ्लॅग घातलेला. एअर रायफलीचा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीचा असतो, म्हणजे आत काही नाही हे लांबूनही कळतं. .२२ च्या गोळ्या कधीही रायफलीसोबत नाहीत, वेगळ्या डब्यात. हा नियम जुना आहे आणि महागात पडून शिकलेला आहे. १८१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या ताब्यातला असीरगड वेढला तेव्हा त्यांच्याच तोफांमागे ठेवलेल्या दारूच्या साठ्याचा स्फोट झाला आणि त्यांचेच शिपाई मेले. शत्रूला काही करावंच लागलं नाही.

एअर रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. विमानात जाताना तो पूर्ण रिकामा करावा लागतो. गाडीच्या डिकीत किंवा टपावर उन्हात ठेवू नका. निमाडातला मे महिना काय असतो ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. आणि सिलिंडरवरची मुदतीची तारीख वाचा. ती उलटली असेल तर कितीही भारी पेटी घेऊन काही उपयोग नाही.

शेवटची गोष्ट आमच्यासारख्या वसई-कोकणवाल्यांसाठी. पावसाळ्यात फोम ओल धरतो आणि रायफल त्या ओलीत झोपते. पेटी प्रवासासाठी आहे, घरासाठी नाही. घरी आलात की रायफल बाहेर काढून पुसा, पेटी उघडी ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पहिली पायरी

हे सगळं वाचून वाटेल की एवढा खर्च कोण करणार. पण अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीत आली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. स्वप्नील मध्य रेल्वेत टीसी होता. सगळ्यांची सुरुवात आपल्यासारख्याच घरांतून, आपल्यासारख्याच गाड्यांतून झाली. तुमच्यापैकी कोणी एनसीसीत असेल, उद्या रेंजवर जाणार असेल, तर आधी रायफल घ्यायची स्वप्नं बघाल. हरकत नाही. फक्त बजेटमध्ये पेटीचा रकाना पहिल्याच दिवशी ठेवा, उरलेल्या पैशातली वस्तू म्हणून नको.

बहिणीने पुढच्या महिन्यात करड्या रंगाची एक सेकंडहँड कडक पेटी घेतली. आतला फोम तिने स्वतः कापला, रायफलीची आकृती कागदावर काढून. झाकणाच्या आत तिने एक अ‍ॅलन की चिकटवली आहे, आणि तिच्याखाली स्केचपेनने लिहिलंय: ‘टपावर नाही.’