चकी शिकागोचा, तात्या आपला

परवाच्या शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवरून पोहे, गूळ घेऊन आलो आणि बारा वर्षांच्या लेकीला ‘झपाटलेला’ बघायला बसवलं. पूर्वी याच रस्त्यावरच्या वाणसामानाच्या दुकानांत व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळायच्या. असो. बाहुला बोलायला लागला तशी ती म्हणाली, “बाबा, हा तर आपला चकी!”

खरंय. १९८८चा ‘चाइल्ड्स प्ले’ शिकागोतच घडतो. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३चा. मरता मरता गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो, इथवर दोन्ही सारखे. फरक कॅमेऱ्याचा. चकी बराच वेळ हलताना दिसतच नाही. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवरून घरभर पळतो, आपण बाहुल्याच्याच डोळ्यांनी बघतो आणि अंगावर काटा येतो. कोठारे मात्र तात्या विंचूला सरळ समोर बसवतात. रामदास पाध्येंचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डेंची उडालेली घाबरगुंडी! आपली नजर तात्यापेक्षा लक्ष्याच्या चेहऱ्यावरच जास्त असते, म्हणून भीतीचं हसू होतं.

मला धाकधूक वेगळीच होती. घाबरायला भाषा लागत नाही, पण हसायला लागते, आणि लेक हल्ली आजीशीही फोनवर इंग्रजीतच बोलते. पण तात्याच्या शिव्याशापांवर ती खदखदून हसली. एकदा तर माझ्या आधी.

रात्री मात्र हाक आली, “बाबा, माझी बाहुली कपाटात ठेव ना.” मराठीत.

ठेवली. कडीही लावली.