जुन्या तानपुऱ्याची नवी घोडी

जुन्या इलेक्ट्रिक गिटारची घोडी, खुंट्या, बटणे हुबेहूब घडवून देणारे कारागीर जगभर आहेत. आपल्याकडे असे काम मिरजेत चालते. 19व्या शतकातल्या फरीदसाहेब सितारमेकरांपासून तिथे तंतुवाद्ये बनतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

खुंटी बदलताना जुन्या खुंटीचे माप घेऊन भागत नाही, कारण वर्षानुवर्षे पिळून भोकच झिजलेले असते. आधी ते गोल करायचे, मग निमुळती नवी खुंटी थोडी जाड ठेवून, खडू लावून बसवायची. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचे काम त्याहून नाजूक. तिच्या पाठीला केसभर उतार असतो. कानसेने घासायचे, तार छेडून ऐकायचे, पुन्हा घासायचे. हीच जवारी. उतार चुकला की तार मुकी होते किंवा खरखरते. पूर्वी या पाठीला हस्तिदंत, सांबरशिंग लावत. आता कायद्याने बंदी आहे, म्हणून उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. हात चांगला असेल तर या पदार्थांवरही जवारी उत्तम खुलते.

मिरजेपासून दूर वाशिम, कारंजा, रिसोडकडेही कुणाच्या माळ्यावर जुना तानपुरा असेल, तर निखळलेली घोडी फेकू नका. वाद्याबरोबर तीही कारागिराला दाखवा.