‘जन्मतः व्यसनी’ मूल असते का?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील वर्तमानपत्रांतून एक भाकीत वारंवार छापून येत होते. क्रॅक, म्हणजे ओढता येणारे कोकेन, घेणाऱ्या स्त्रियांची मुले लवकरच शाळांत दाखल होतील. त्यांचे मेंदू गर्भातच बिघडलेले असतील. त्यांना शिकवणे कोणालाच जमणार नाही. अशा रीतीने मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच त्याचा निकाल लावला गेला. ‘क्रॅक बेबी’ हा शिक्का त्याच काळातला.

या भाकितामागे पुरावा किती होता? १९८५ साली शिकागोच्या आयरा चॅस्नॉफ यांनी सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ स्त्रियांची निरीक्षणे होती. एवढ्या थोड्या निरीक्षणांवरून आम्ही संशोधक फार तर पुढचा प्रश्न विचारू शकतो. इथे मात्र तेच उत्तर समजले गेले.

पुढचा प्रश्न फिलाडेल्फियाच्या बालरोगतज्ज्ञ हॅलम हर्ट यांनी विचारला. १९८९ ते १९९२ या काळात त्यांनी २२४ नवजात बाळे निवडली. त्यांपैकी साधारण निम्म्यांच्या आयांनी गरोदरपणी कोकेन घेतले होते, उरलेल्यांच्या आयांनी नव्हते. महत्त्वाची गोष्ट अशी, की दोन्ही गट गरीब वस्त्यांतलेच होते. चार वर्षांच्या वयात बुद्ध्यंक मोजले तेव्हा पहिल्या गटाची सरासरी ७९ आली आणि दुसऱ्या गटाची ८१.९. म्हणजे दोन गटांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. पण दोन्ही गट अमेरिकेतील सर्वसाधारण मुलांच्या बरेच मागे होते. दुसरा गट घेतलाच नसता, तर सारा दोष कोकेनच्या माथी मारला गेला असता. सात वर्षांच्या या मुलांशी बोलल्यावर कळले, की ७४ टक्के मुलांनी गोळीबाराचे आवाज ऐकले होते आणि ३५ टक्के मुलांनी कोणाला तरी गोळी लागताना पाहिले होते. ज्यांच्या घरी मायेने सांभाळणारे कोणी होते, ती मुले मात्र त्याच वस्तीत राहूनही पुढे होती.

याचा अर्थ गरोदरपणी मादक पदार्थ निरुपद्रवी आहेत असा मुळीच नाही. दारूने गर्भाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते, तंबाखूने बाळाचे वजन घटते. अर्थ एवढाच, की पदार्थ कोणता आणि इजा कोणती हे मोजून पाहावे लागते, शिक्का मारून भागत नाही.

आता अफूवर्गीय पदार्थांकडे पाहू. आपल्याकडे ‘गर्द’ म्हणतात ते अशुद्ध हेरॉइन याच वर्गातले. मेंदूच्या खालच्या भागात नॉरअॅड्रेनॅलिन तयार करणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. जागे राहणे, दचकणे, छातीत धडधडणे यांत त्याचा वाटा असतो. हेरॉइन या पेशींचे काम दाबून टाकते. रोज दाब पडू लागला की पेशी आपला जोर वाढवून तोल सांभाळतात. मग हेरॉइन एकाएकी थांबले तर काय होईल? दाबलेल्या स्प्रिंगवरचा हात काढावा तसे होते. वाढवलेला जोर तसाच राहतो आणि अंग थरथरते, घाम येतो, जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी लोक याला ‘टर्की’ म्हणतात.

वारेतून हेरॉइन गर्भापर्यंतही पोचते. जन्मानंतर नाळ कापली की पुरवठा तुटतो आणि बाळाला हीच लक्षणे दिसू लागतात. ते सतत रडते, थरथरते, शिंका देते, नीट पीत नाही. पण म्हणून ते व्यसनी झाले का? नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही पदार्थाच्या मागे धावणे. तान्हे बाळ कशाच्या मागे धावत नाही. त्याच्या शरीराला फक्त सवय झालेली असते, आणि योग्य काळजी घेतल्यास ती सुटते.

मग गरोदर स्त्रीचे हेरॉइन एकदम बंदच का करू नये? कारण बहुतेक स्त्रिया पुन्हा त्याकडे वळतात आणि रक्तातील मात्रेच्या प्रत्येक चढउताराबरोबर गर्भही हेलकावे खातो. मेथाडोन व ब्यूप्रेनॉर्फिन ही औषधे सावकाश उतरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती दिली, की रक्तातील मात्रा बरीचशी समान राहते. बाळाला जन्मानंतर त्रास होऊ शकतो, पण तो बरा करता येतो.

तो बरा कसा करायचा? १९७५ पासून लॉरेटा फिनेगन यांच्या पद्धतीने लक्षणांना गुण देत, आणि गुण वाढले की बाळाला मॉर्फीन देत. अलीकडे तीनच गोष्टी पाहतात. बाळ पुरेसे पिते का, झोपते का, रडले तर समजूत निघते का? शांत खोली, जवळ घेणे, आईचे अंगावरचे दूध हे पहिले औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, २६ रुग्णालयांतील १३०५ बाळांच्या अभ्यासात या पद्धतीने बाळ घरी जाण्याइतके बरे होण्याचा काळ सरासरी १४.९ दिवसांवरून ८.२ दिवसांवर आला. औषध द्यावे लागलेल्या बाळांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर उतरले.

म्हणजे बाळाच्या उपचारात आई जवळ असणे फार मोलाचे. नेमकी तीच हजर नसेल तर? १९८९ पासून दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथील एका सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांची लघवी संमतीविना तपासून निकाल पोलिसांना कळवला जाई. काहींना अटक झाली. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी तपासणी घटनाबाह्य ठरवली. अटकेच्या भीतीने स्त्री व्यसन सोडतेच असे नाही, दवाखाना मात्र सोडते.

दुसरा मार्ग सरकारी खर्चाने उपचार देण्याचा. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्यानुसार, केंद्राच्या अनुदानातून उपचार देताना गरोदर स्त्रीला आधी प्रवेश द्यावा लागतो. जागा नसेल तर ४८ तासांत तात्पुरती सेवा तरी सुरू करावी लागते. स्त्रियांसाठी राखलेल्या पैशातून मुलांचा सांभाळ व जाण्यायेण्याची सोयही करावी लागते, कारण ‘मूल कोणाकडे ठेवू?’ या एका प्रश्नापायी कित्येकींचे उपचार राहून जातात. २०१८ च्या कायद्याने तर आईबरोबर उपचार केंद्रात राहणाऱ्या मुलाचा खर्च १२ महिन्यांपर्यंत देण्याची सोय केली.

एक फट मात्र बरीच वर्षे राहिली होती. गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड योजनेचे गरोदरपणामुळे मिळणारे संरक्षण बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपत असे. मॅसॅच्युसेट्समधील २०१८ च्या अभ्यासात दिसले, की मात्रा जास्त होऊन जीव धोक्यात येण्याचे प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी आणि बाळ ७ ते १२ महिन्यांचे असताना सर्वांत जास्त असते. म्हणजे धोका सर्वाधिक असे तेव्हाच आधार सुटलेला असे. एप्रिल २०२२ पासून राज्यांना हे संरक्षण १२ महिन्यांपर्यंत वाढवण्याचा पर्याय मिळाला आणि बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या गरोदर बायका आपण पाहतो. मुंबईतील स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अशा बाईला चारचौघांत रागावले, तर ती मिश्रीची डबी लपवते, टाकून देत नाही.

आणि एखादे मूल वर्गात येण्याआधीच ‘त्याच्या घरी असे आहे’ ही कुजबुज शिक्षकांच्या खोलीत पोचते. तेव्हा फिलाडेल्फियातील ती मुले आठवावीत. गर्भात काय घडले ते आता बदलता येत नाही. शाळेतले रोजचे पाच-सहा तास मात्र आपल्या हातात आहेत.